सात दिवसांच्या बोलीवर

"अख्ख्या विभागात आपल्या शाखेचा निकाल पहिला! लिहून ठेव!" ग्रंथपालांनी सकाळी सकाळी बायकोला सांगितलं. ती त्यांच्या अंगातल्या शर्टालाच बटण लावत होती. तिने काही लिहून ठेवलं नाही. एकतीस वर्षं संसार केल्यावर नवऱ्याचं कुठलं वाक्य लिहून ठेवायचं आणि कुठलं तसंच जाऊ द्यायचं, हे तिला चांगलं कळत होतं.

"कसला निकाल?"

"ऑनलाइन शिक्षणाचा! मुख्य वाचनालयाने अभ्यासक्रम दिला होता, 'घरच्या रुग्णाची शुश्रूषा'. सहा प्रकरणं, प्रत्येकाच्या शेवटी परीक्षा. आपल्याकडे सहाच्या सहा पूर्ण!"

"म्हणजे तुम्ही तो कॉम्प्युटर चालू करायला शिकलात?"

"मी कशाला शिकू? शिकले ते सभासद. मी ग्रंथपाल आहे, ग्रंथपाल!"

एवढं बोलून ते ताठ मानेने घराबाहेर पडले. सुई-दोरा शर्टाला तसाच लोंबत राहिला होता. तो त्यांना वाचनालयात पोचून खुर्चीत टेकल्यावर कळला.

खरं सांगायचं तर ती ताठ मान नुसती दाखवायची होती. आत त्यांचा जीव टांगणीला लागलेला होता. दोन महिन्यांपूर्वी मुख्य वाचनालयाचं परिपत्रक आलं होतं: ज्या शाखा लोकांना ऑनलाइन काही शिकवून दाखवणार नाहीत, त्या बंद. पुस्तकं खोक्यांत आणि ग्रंथपाल मुख्य वाचनालयाच्या तळघरात, जुनी वर्तमानपत्रं मोजायला! आता ही शाखा म्हणजे होती केवढी? एक लांबट खोली, अकरा कपाटं, मधोमध एक दणकट टेबल आणि कोपऱ्यात पिशवी घालून झाकलेला कॉम्प्युटर. पण अठ्ठावीस वर्षं त्यांनी ती सांभाळली होती. सकाळी दार उघडायला पाच मिनिटं उशीर झाला तर पायरीवर बसलेले निवृत्त ड्रायव्हर घड्याळ दाखवायचे. अशी माणसं उद्या कुठल्या पायरीवर जाऊन बसणार, हा विचार ग्रंथपालांची पाठ सोडत नसे.

म्हणून त्यांनी ऑनलाइन शिक्षण मनावर घेतलं. घेतलं ते मात्र आपल्या पद्धतीने!

मुख्य वाचनालयाकडून आलेल्या पाकिटातून सूचनापत्रक निघालं आणि सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर एक खातं आणि एक पासवर्ड. दुसरा कुणी असता तर त्याने आधी सूचना वाचल्या असत्या. ग्रंथपालांनी पहिलं पान वाचलं, चिठ्ठीकडे पाहिलं, आणि अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या मनात एकच विचार आला. प्रत एकच आहे आणि मागणी फार होणार!

मग काय! त्यांनी ती चिठ्ठी पुठ्ठ्यावर चिकटवली. पुठ्ठ्याला तपकिरी कव्हर घातलं. नोंदवहीत दाखल क्रमांक दिला, मागे तारखांचा कागद डकवला, वाचनालयाचा गोल शिक्का मारला आणि लाल शाईत लिहिलं, 'मुदत सात दिवस'. खात्यावर विद्यार्थ्याचं नाव टाकायचं होतं, तिथे नेहमीच्या वाचक टेलरबाईंच्या मदतीने त्यांनी 'सभासद' असं टाकलं. एकाचं नाव घालून बाकीच्यांवर अन्याय कशाला?

पहिल्या आठवड्यात पुठ्ठा निवृत्त ड्रायव्हरांनी नेला. त्यांनी आपल्या फोनवर पहिलं प्रकरण केलं, म्हणजे हात धुणं, ताप बघणं, नाडी मोजणं, आणि ठरल्या दिवशी पुठ्ठा परत केला. मग तो सलूनवाल्याने नेला. दुसऱ्याच दिवशी तो दारात हजर.

"अहो, पहिलं प्रकरण कुणीतरी आधीच करून ठेवलंय! मला थेट दुसरं दाखवतंय."

"मग बरंच झालं की! तुमचे कष्ट वाचले," ग्रंथपाल म्हणाले.

सलूनवाल्याला ते पटलं. त्याने दुसरं प्रकरण केलं, रुग्णाचं अंग पुसणं आणि दाढी. तिसरं पोस्टमनने केलं, रुग्णाला नीट आडवं करणं. चौथ्या आठवड्याबद्दल ग्रंथपाल बोलत नसत, म्हणून आपणही तूर्त बोलायला नको. पाचव्यात टेलरबाईंनी पट्ट्या बांधणं शिकून घेतलं आणि सहाव्यात निवृत्त शिक्षिकाबाईंनी रुग्णाशी धीराने कसं बोलावं ते. प्रत्येक जण आपापलं प्रकरण करायचा आणि पुढे काय झालं ते टेबलाशी बसून दुसऱ्याला विचारायचा. "मग? उतरला का ताप?" असं ड्रायव्हर सलूनवाल्याला विचारत होते, ते ग्रंथपालांनी स्वतः ऐकलं होतं आणि त्यांची छाती फुगली होती.

तर त्या मंगळवारी, बोटाला टोचलेली सुई काढून ग्रंथपाल टपाल उघडायला बसले. मुख्य वाचनालयाचं पत्र होतं. 'अभिनंदन' हा पहिलाच शब्द! ग्रंथपाल उभे राहून वाचू लागले आणि तिसऱ्या ओळीला परत बसले.

'आपले विद्यार्थी सभासद यांना भेटण्यासाठी तपासनीस साहेब गुरुवारी सकाळी अकरा वाजता येत आहेत. विद्यार्थ्याने प्रात्यक्षिकासाठी तयार राहावे. सूचनापत्रकाचे दुसरे पान पुन्हा एकदा वाचून ठेवावे.'

पुन्हा एकदा! त्यांनी ते पहिल्यांदाच काढलं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं: 'सोबतचे खाते हा केवळ नमुना आहे. प्रत्येक वाचकाने स्वतःचे वेगळे खाते उघडावे. खाती हवी तेवढी, विनामूल्य मिळतील. एकाच खात्यावर अनेकांनी अभ्यास केल्याचे आढळल्यास शाखेची नोंद शून्य धरण्यात येईल.'

ग्रंथपालांच्या तोंडचं पाणी पळालं. शून्य! शून्य म्हणजे खोकी! त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शून्य तसंच होतं.

बुधवारी दुपारी टेबलाभोवती तातडीची बैठक भरली. ग्रंथपालांनी दार आतून लावून घेतलं आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे आम्ही पाच जण मिळून एक माणूस आहोत?" पोस्टमनने विचारलं.

"कागदोपत्री!"

"आणि साहेबांना तो माणूस बघायचाय?"

"उद्या अकरा वाजता!"

"मग आम्हा पाच जणांतून कुणीतरी एकाने व्हायचं सभासद," टेलरबाई म्हणाल्या. सगळ्यांनी शिक्षिकाबाईंकडे पाहिलं. त्यांचा आवाज खणखणीत होता आणि चेहरा असा, की समोरच्याला आपणच काहीतरी चुकलो असं वाटावं.

"मी होईन. पण मला बाकीची प्रकरणं शिकवा. आत्ताच्या आत्ता."

शिकवणी सुरू झाली खरी, पण पस्तीस वर्षं शिकवलेल्या बाईंना शिकवणार कोण! ड्रायव्हर नाडी कशी बघायची ते सांगू लागले, तर बाईंनी त्यांना आधी सरळ बसायला लावलं. पोस्टमन "पेशंटला झोपवताना" म्हणाला, तर "आधी पूर्ण वाक्य कर" म्हणाल्या. सलूनवाला तर भीतीने मधेच पाणी प्यायला जाऊ का, असं विचारू लागला.

"आणि चौथं प्रकरण? ते कुणी केलंय?" बाईंनी विचारलं.

ग्रंथपाल खिडकीबाहेर बघू लागले. "ते... ते तितकंसं महत्त्वाचं नाही."

"विषय काय त्याचा?"

"आडव्या रुग्णाला उठवणं."

"आणि ते महत्त्वाचं नाही? कुणी नेलं होतं खातं त्या आठवड्यात? बोलवा त्याला!"

"तसं नाव सांगता येत नाही," ग्रंथपाल कपाळ पुसत म्हणाले. "कोणी काय वाचायला नेलं हे गुप्त ठेवावं लागतं. वाचनालयाचा नियमच आहे!"

असा नियम खरंच होता, पण तो सांगताना ग्रंथपालांचे कान एवढे लाल व्हायचं कारण नव्हतं.

गुरुवारी पहाटेपासून त्यांनी घरात येरझारा घातल्या. नऊलाच वाचनालय उघडलं. कपाटं पुसली, कॉम्प्युटरवरची पिशवी काढली, परत घातली, परत काढली. मग एकदम पुठ्ठ्याची आठवण झाली! त्याच्या मागे सहाच्या सहा तारखा, सहा सह्या! साहेबांच्या हाती तो लागला तर सगळं मुसळ केरात. फाडून टाकावा? त्यांनी दोन्ही हातांनी धरूनही पाहिला. पण शिक्का मारलेली, दाखल क्रमांक दिलेली वस्तू फाडणं त्यांच्याने होईना. शेवटी त्यांनी तो अगदी खालच्या फळीवर, नकाशांच्या जाडजूड पुस्तकामागे खुपसला. तिथे वाकून बघतो कोण?

तपासनीस साहेब बघत. तोच तर त्यांचा लौकिक होता! वरच्या फळ्या काय, सगळेच पुसतात. शाखा किती पाण्यात आहे ते खालच्या फळीवर कळतं, असं त्यांचं म्हणणं. साहेब अकराला बरोब्बर आले. आडव्या बांध्याचे, भरघोस मिशांचे, हातात चामडी पिशवी. पाचही सभासद टेबलाशी वर्तमानपत्रं उघडून बसले होते. शिक्षिकाबाई सोडल्या तर एकाचंही वर्तमानपत्र सुलटं नव्हतं.

"सभासद कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

पाचही जण उठून उभे राहिले.

"म्हणजे या!" ग्रंथपाल किंचाळलेच आणि त्यांनी शिक्षिकाबाईंना पुढे केलं. "बाकीचे आदराने उठले, साहेब!"

"हं," साहेब म्हणाले आणि सवयीप्रमाणे आधी कपाटांकडे वळले. एक, दोन, तीन. ग्रंथपाल मागे मागे, श्वास रोखून. चौथ्या कपाटाशी साहेब थांबले, वाकले, नकाशांचं पुस्तक बाजूला केलं आणि मागे हात घातला.

"हे काय आहे?"

हे विचारलं आणि पुढच्याच क्षणी ते ओरडले, "आई गं!"

साहेब वाकले होते तसेच राहिले. हातात पुठ्ठा, पाठ टेबलाइतकी सपाट. "कंबर! कंबर धरली! हात लावू नका कुणी!"

ग्रंथपालांना काही सुचेना. साहेबांना धरावं की पुठ्ठा काढून घ्यावा? त्यांनी पुठ्ठ्याला हात घातला. साहेबांनी तो घट्ट धरून ठेवला.

"बाजूला व्हा!" शिक्षिकाबाई म्हणाल्या. त्यांचं प्रकरण सुरू झालं होतं. त्या खाली वाकून साहेबांच्या तोंडाकडे बघत गोड आवाजात म्हणाल्या, "घाबरायचं नाही हं. आता बरं वाटतंय ना?"

"नाही!"

"छान! स्पष्ट बोलताय, चांगलं लक्षण आहे."

ड्रायव्हर हात धुवायला धावले. पहिल्या प्रकरणात हात नीट घासून धुवा असं सांगितलं होतं, म्हणून ते कोपरापर्यंत धूत राहिले. साहेब तोवर काटकोनातच! मग ड्रायव्हर आले, नाडी धरली आणि घड्याळ बघून जाहीर केलं, "चौऱ्याण्णव! गाडी थोडी जास्तच पळतेय!"

"मला आडवं करा कुणीतरी!" साहेब कळवळले.

हे पोस्टमनचं प्रकरण. तो एरवी पत्रंसुद्धा दारातून फेकायचा, पण आता मोठ्या हळुवारपणे त्याने सगळ्यांना जागा नेमून दिल्या. एक हात खांद्याखाली, एक मांडीखाली, वर्तमानपत्रांचा गठ्ठा डोक्याखाली. "एक, दोन, तीन!" आणि साहेब टेबलावर अलगद आडवे झाले. सलूनवाल्याने लगेच ओला रुमाल काढून त्यांचा चेहरा, मान, कानामागचा भाग पुसून काढला. चष्माही पुसला, डोळ्यांवर होता तसाच. मिशा कातरायच्या का, असंही विचारलं, पण साहेब नको म्हणाले. टेलरबाईंनी आधी टेप लावून कमरेचं माप घेतलं, "एक्केचाळीस" असं स्वतःशी पुटपुटल्या, खिडकीचा पडदा उतरवला आणि घडी घालून असा सफाईदार पट्टा बांधला की साहेबांनी डोळेच मिटले.

साहेबांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या.

"वा!" ते डोळे मिटूनच म्हणाले. "बराच आराम वाटतोय. आता उठवा मला."

कुणी हललं नाही.

"उठवा म्हटलं!"

"साहेब," ड्रायव्हर चाचरत म्हणाले, "आमच्यात उठवणं नव्हतं."

साहेबांनी डोळे उघडले. पुठ्ठा अजून त्यांच्याच हातात होता. त्यांनी तो चेहऱ्यासमोर धरला, उलटा केला आणि आडव्या आडव्याच वाचू लागले. ग्रंथपालांना वाटलं, या क्षणी आपणही कुठेतरी आडवं व्हावं.

"सात दिवसांच्या मुदतीने दिलंय," साहेब सावकाश म्हणाले. "खातं. पुस्तकासारखं. म्हणजे सभासद म्हणजे तुम्ही पाचही जण."

पाचही जणांनी एकदम ग्रंथपालांकडे पाहिलं.

"पण सह्या सहा आहेत. चौथी सही कुणाची?"

"वाचकाचं नाव गुप्त..." ग्रंथपाल पुटपुटले.

"अहो, ही सही मी ओळखतो! अठ्ठावीस वर्षं या शाखेच्या प्रत्येक कागदाखाली हीच सही बघतोय मी!"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ग्रंथपालांनी हात जोडले. "त्या आठवड्यात कुणी न्यायला आलं नाही, साहेब. एवढी मागणी असलेली प्रत नुसती पडून राहणार! मला बघवेना. म्हणून माझ्या नावावर घेतली. सलूनवाल्याने फोनवर लावून दिलं होतं, मी नुसतं पुढे, पुढे दाबत गेलो."

"आणि परीक्षा?"

"प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं होती. एक दाबायचं. चुकलं की दुसरं."

"किती वेळा परीक्षा दिलीत?"

"मोजलं नाही."

"मी मोजलंय. सत्तावन्न वेळा!" साहेबांनी पुठ्ठ्यानेच आपल्या चामडी पिशवीकडे खूण केली. "अख्ख्या विभागात इतक्यांदा नापास होऊन पुन्हा परीक्षेला बसलेला दुसरा विद्यार्थी नाही. मला वाटलं, काय चिकाटी! म्हातारं माणूस असेल, घरी कुणीतरी आजारी असेल, शिकायची धडपड चालली असेल. मी मुद्दाम त्या माणसाचं प्रशस्तिपत्र घेऊन आलोय!"

ग्रंथपालांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ती काही दुभंगली नाही.

"लावा कॉम्प्युटर," साहेब म्हणाले. "चौथं प्रकरण. बघा आणि उठवा मला. घाई नाही, मला कुठे जाता येतंय!"

ग्रंथपाल कॉम्प्युटरसमोर गेले आणि त्याच्याकडे बघत उभे राहिले. बटण कुठे असतं ते ड्रायव्हरांनी दाखवलं. खातं टेलरबाईंनी उघडून दिलं. चौथं प्रकरण बारा मिनिटांचं होतं. ग्रंथपाल घामाघूम होऊन बघत राहिले, शिक्षिकाबाई मागे उभ्या राहून "वहीत लिहून घ्या" म्हणत राहिल्या आणि टेबलावरून साहेब कण्हत राहिले. मग परीक्षा. दहातली चार बरोबर.

"परत!" टेबलावरून आवाज आला.

ग्रंथपालांनी पुन्हा बघितलं. यावेळी मात्र नीट, पुढे न दाबता. आणि एक गंमत झाली. त्यांना ते समजायला लागलं! रुग्णाला सरळ ओढून बसवायचं नाही. आधी गुडघे वाकवायचे, मग सगळं अंग एकदम कुशीवर. माणूस कसा अवघडतो आणि कसा सुटतो, हे पडद्यावरची नर्स इतक्या सोप्या शब्दांत सांगत होती, की आपण त्या आठवड्यात हे का ऐकलं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या हातात विद्या ठेवली आणि स्वतः फक्त तारीख टाकली! दहातली दहा बरोबर आली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

ते टेबलाशी आले. हात धुऊन आले. "साहेब, गुडघे वाकवा. आता माझ्याकडे कुशीवर. पाय हळूच खाली सोडा. कोपरावर भार द्या. मी धरलंय." त्यांनी साहेबांच्या खांद्याखाली हात घातला. "एक, दोन, तीन!"

साहेब उठून बसले. पाचही जणांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वाजवल्या नाहीत. त्यांनी पडदा बांधलेल्या अंगाने खुर्ची गाठली, पिशवीतून कागद आणि पेन काढलं आणि अहवाल लिहायला घेतला.

दहा मिनिटं नुसती पेनाची कुरकुर! ग्रंथपालांना तळघर दिसू लागलं. जुन्या वर्तमानपत्रांचा वास नाकात आला. अखेर साहेबांनी कागद पुढे केला. "मोठ्याने वाचा. या सगळ्यांचाही प्रश्न आहे."

ग्रंथपालांनी घसा साफ केला. "'एक. खाते एक, विद्यार्थी सहा. हे नियमबाह्य आहे. शाखेची आजवरची नोंद शून्य धरावी.'"

टेलरबाईंनी तोंडावर हात ठेवला. ड्रायव्हर मटकन खाली बसले.

"'दोन. सहाही जणांनी उद्यापासून आपापले वेगळे खाते उघडावे व अभ्यासक्रम पहिल्यापासून करावा. तीन...'"

ग्रंथपाल थांबले. मग उरलेलं ओठांतल्या ओठांत पुटपुटून त्यांनी कागदाची घडी घालायला घेतली.

"ऐकू नाही आलं!" शिक्षिकाबाई कडाडल्या. "खणखणीत वाचा!"

ग्रंथपालांनी कागद पुन्हा उलगडला. "'तीन. ज्या शाखेत खुद्द ग्रंथपालांनाच शिक्षणाची इतकी निकड आहे, ती शाखा बंद करणे लोकहिताचे होणार नाही. सबब, चालू ठेवावी.'"

क्षणभर कुणाचा विश्वास बसेना. मग पोस्टमन म्हणाला, "तिसरा मुद्दा परत वाचा हो." त्यांनी वाचला. मग सलूनवाल्याला परत ऐकायचा होता. त्यालाही वाचून दाखवला. ड्रायव्हरांसाठी पुन्हा एकदा वाचून त्यांनी कागद खिशात ठेवला, तेवढ्यात कमरेवर हात ठेवून बसलेले साहेब म्हणाले, "आणखी एकदा होऊन जाऊ द्या. जरा सावकाश."